दंड, हप्ते आणि तारखांचा क्रम

संपादक महोदय,

विषमतेवरच्या चर्चेत उत्पन्न आणि मालमत्तेचे आकडे येतात. शिक्षेचा विषय गुन्हेवृत्तात जातो आणि कर्जाचा अर्थविषयक पानावर. ज्या घरात महिनाअखेर हातात काही उरत नाही, तिथे मात्र दंड, हप्ता आणि घरखर्च एकाच पाकिटातून भागवायचे असतात. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या की थकबाकीदार बेजबाबदार होता, असा निष्कर्ष फार सहज निघतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन या तेव्हा साधारण २१ हजार वस्तीच्या शहराबद्दल अमेरिकेच्या केंद्रीय न्याय विभागाने मार्च २०१५मध्ये अहवाल दिला. त्यातले एकच प्रकरण पाहा. २००७मध्ये एका महिलेला गाडी चुकीच्या जागी उभी केल्याबद्दल १५१ डॉलर आणि वर शुल्क, असा दंड झाला. तिने दोनदा थोडे थोडे पैसे भरायचा प्रयत्न केला, एकदा २५ आणि एकदा ५० डॉलर. पूर्ण रक्कमच हवी म्हणून न्यायालयाने ते परत केले. चुकलेल्या तारखांबद्दल नवे दंड चढले, अटक झाली, सहा दिवस कोठडीत गेले. डिसेंबर २०१४पर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते आणि तरीही ५४१ डॉलर बाकी होते. ज्याच्या खिशात १५१ डॉलर होते, त्याची शिक्षा पहिल्याच दिवशी संपली असती.

म्हणजे पैसे नसलेल्या माणसासाठी दंड हेच एक कर्ज होते, आणि तेही अटींची घासाघीस न करता घेतलेले. वॉशिंग्टन राज्यात २०१८च्या सुधारणेपूर्वी अशा न्यायालयीन थकबाकीवर वर्षाला १२ टक्के व्याज लागे. २,००० डॉलरवर ते वर्षाला २४० होते, म्हणजे महिन्याला २०. दरमहा २० डॉलर न चुकता भरणारा माणूस मुद्दलाला कधीच हात लावू शकत नाही. क्रेडिट कार्डाचे देणे दिवाळखोरीत सुटू शकते, गुन्ह्याचा दंड सुटत नाही. केवळ ऐपत नाही म्हणून तुरुंगात धाडू नये, आधी ऐपतीची चौकशी करावी, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३मध्येच बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया खटल्यात सांगितले होते. चौकशी नेमकी कशी करायची, हे मात्र खालच्या न्यायालयांवर राहिले आणि तिथेच पाणी मुरले.

आता संशोधकांची नेहमीची फसगत. दंडाचा परिणाम शोधायला ते क्रेडिट अहवाल, म्हणजे माणसाच्या कर्जफेडीच्या नोंदी, उघडतात आणि तिथे काही सापडत नाही. सापडणारही नाही, कारण वाहतूक दंडासारखी, करारातून न आलेली देणी तिथल्या तीन मोठ्या क्रेडिट संस्थांनी अहवालातून काढून टाकली आहेत. परिणाम आडवाटेने येतो. दंड थकला की अनेक राज्यांत वाहन परवाना निलंबित होई, परवान्याविना कामावर जाणे अवघड, पगार बुडाला की गाडीचा हप्ता चुकतो. हप्ता ३० दिवस लांबला की त्याची नोंद होते आणि ती सात वर्षे राहते. माणसाची पत मोजणाऱ्या ‘फिको’ गुणांकात परतफेडीच्या इतिहासाला सुमारे ३५ टक्के वजन असते. पुढे भाड्याचे घर मागताना, काही ठिकाणी नोकरी मागतानाही तोच अहवाल वाचला जातो. वाचणाऱ्याला फक्त चुकलेला हप्ता दिसतो. मॅरियन फोरकेड आणि किरन हीली या समाजशास्त्रज्ञांनी २०१३मध्ये मांडले ते हेच: पतीच्या अशा वर्गवारीतून माणसाच्या वाट्याला येणाऱ्या संधी ठरू लागतात.

दुसरी चूक नमुन्याची. घरोघरच्या सर्वेक्षणांत तुरुंगातली माणसे मोजलीच जात नाहीत. सर्वात तळाचा गट वगळला की समाजगटांमधली बेरोजगारीची दरी आहे त्यापेक्षा अरुंद दिसते.

त्यामुळे ‘कर्ज आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. प्रत्येक देणे वेगळे लिहून घ्यावे: कोणाचे, मूळ रक्कम किती, शुल्क आणि व्याज किती चढले, आजवर किती भरले. दंड, परवाना निलंबन, नोकरी सुटणे आणि पहिला चुकलेला हप्ता, या चारही तारखा कागद पाहून नोंदवाव्यात. आठवणीवर विसंबले तर क्रम हमखास उलटापालटा होतो आणि कारण-परिणामही. एकदाच केलेल्या पाहणीपेक्षा त्याच घरांत सहा महिन्यांनी पुन्हा गेलेले बरे.

उपायही अपरिचित नाहीत. फिनलंडमध्ये १९२१पासून दिनदंड आहे: निव्वळ मासिक उत्पन्नातून २५५ युरो वजा करून ६०ने भागायचे आणि गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ठरलेल्या दिवसांनी गुणायचे. १,४५५ युरो मिळवणाऱ्याला दहा दिवसांचे २०० युरो, ६,२५५ मिळवणाऱ्याला १,००० युरो. उत्पन्नाची खरी नोंद कर खात्याकडे नसेल तर ही पद्धत लंगडी पडते, हे खरे.

कर्जबाजारीपणावरचे कोणतेही सर्वेक्षण छापण्याआधी नमुन्यात कोण नव्हते आणि तारखा विचारल्या होत्या का, हे दोन प्रश्न आपल्या वार्ताहरांनी जरूर विचारावेत, ही विनंती.

– समाजशास्त्राचा एक अध्यापक