मामा तलावांतील बेशरम: एका उन्हाळ्याच्या कंत्राटाने ती जाणार नाही

प्रति,
मा. मृद व जलसंधारण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एका गावाचा रहिवासी आहे. आमच्या गावतलावाची सरकारदरबारी नोंद 'माजी मालगुजारी तलाव' (म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, जमीनदारांच्या, ताब्यातील तलाव) अशी आहे; आद्याक्षरांवरून बोलण्यात आम्ही त्याला मामा तलाव म्हणतो आणि नवखे पाहुणे हा कोणाचा मामा म्हणून विचारतात. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेल्या अशा तलावांवर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाचे ओलीत व ढिवर समाजाची मासेमारी आजही अवलंबून आहे. या तलावांच्या काठाला बेशरम या झुडपाने घातलेल्या वेढ्याविषयी हे पत्र आहे.

बेशरम मूळची दक्षिण अमेरिकेतील. ती परदेशातून आली एवढ्यावरून माझी तक्रार नाही, कारण आमच्या भिवापूरची मिरचीही मुळात अमेरिका खंडांतूनच आलेली. गुरे-शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून आम्हीच तिचे कुंपण केले, हेही मान्य केले पाहिजे. मात्र मिरची लावली तेथेच राहते, आणि बेशरमीची पोकळ फांदी पाण्यावर तरंगत जाऊन जेथे चिखलाला टेकते तेथे मूळ धरते. उथळ काठावर, जेथे पूर्वी देवधान (रानटी भात) होते आणि मासे अंडी घालीत, तेथे आता तिची जाळी माजली आहे. तिच्या बुडख्यांशी गाळ साचतो, काठ आत सरकतो आणि ढिवरांचे जाळे फांद्यांत अडकून फाटते.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या तलावात गाळ काढण्यासोबत बेशरम काढण्याचे काम झाले. जेसीबीने झुडपे ओरबाडली, मुळे बरीचशी जमिनीतच राहिली आणि तुटलेल्या फांद्यांचा ढीग पाळीवरच, म्हणजे तलावाच्या बांधावरच, टाकला गेला. मोजमाप पुस्तिकेत घनमीटर भरले, देयक निघाले. मृगाचा पाऊस पडल्यानंतर मी पाळीवरून वीतभर लांबीचा एक तुकडा उचलू गेलो, तर तो निघेना. खालून पांढरी मुळे मातीत उतरली होती आणि वरच्या पेरातून दोन हिरवी पाने फुटली होती. त्या दिवाळीत फिकट जांभळी फुले पुन्हा पाळभर डोलत होती, आणि यावेळी पूर्वी जेथे बेशरम नव्हती अशा सांडव्यापाशीही.

दोष यंत्राचा कमी आणि अंदाजपत्रकाचा जास्त आहे. गाळ मोजता येतो म्हणून बेशरमही गाळासारखी मोजली जाते, जणू एकदा उचलली की विषय संपला. वास्तविक पाणी उतरल्यावर हाताने मुळासकट खणणे, पाण्यापासून दूर उंच जागी पूर्ण वाळेपर्यंत पसरणे आणि पुढील दोन पावसाळ्यांनंतर फुटलेली रोपे पुन्हा उपटणे, एवढे मिळून ते एक काम होते. मोकळा झालेला काठ तसाच सोडला तर तेथे दुसरे तण येते. अर्जुनी मोरगाव भागातील ढिवर महिलांनी काही तलावांत बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. आपल्या अभियंत्यांनी त्यांच्यासोबत एक दिवस चिखलात उभे राहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तणनाशकाचा सोपा उपाय कोणी सुचवील, परंतु त्याच पाण्यात मासे आहेत आणि त्याच पाण्यावर गावची गुरे येतात.

म्हणून विनंती अशी की, मामा तलावांच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात बेशरम निर्मूलन ही तीन वर्षांची स्वतंत्र बाब असावी आणि देयकाचा मोठा हिस्सा तिसऱ्या वर्षी काठ स्वच्छ आढळल्यावरच द्यावा. हे काम रोजगार हमीतून गावातील मजुरांना आणि मच्छीमार संस्थेच्या सभासदांना मिळावे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमण्याची तरतूद केली आहे आणि राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय तर नागपुरातच आहे. तेव्हा कोणत्या तलावात बेशरम किती पसरली याची नोंद त्या समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत व्हावी आणि देयकापूर्वी तिचाच दाखला घ्यावा.

रानात माजलेल्या घाणेरी आणि रानतुळस या तणांविषयीही पुष्कळ लिहिता येईल, पण तो विषय वनविभागाचा आहे. आमच्या तलावाचे पाणी यंदाही एप्रिलमध्ये उतरेल. खणण्याचे काम त्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांतच होऊ शकते, त्यामुळे आदेश मार्चअखेर निघावा.

आपला नम्र,
साकोली तालुक्यातील एक धान उत्पादक