कुर्ल्याच्या काकांना, पद्मिनीबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पद्मिनी झाली. काल मीटर बसवला आणि आता तिच्यावर करण्यासारखं काही उरलं नाही. हे पत्र घरी आणूनही देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. मॉडेल बघणारे ज्या ज्या गोष्टीसाठी मला शाबासकी देतात, त्यातल्या बहुतेक तुमच्याकडून आलेल्या आहेत. ते लोकांना कळायलाच हवं.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी १:२४ या प्रमाणात प्रीमियर पद्मिनी केली आहे, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. प्लॅस्टिकच्या पातळ शीट कापून, गरम करून वाकवून, एकाला एक चिकटवून सगळी बॉडी हातानं उभी केली. आणि काका प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बॉडी शॉपला होते. मी जिची प्रतिकृती करत होते, तशा गाड्या रोज त्यांच्या हाताखालून जात.

काका, तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या वहीत मापं होती. लांबी ३,९३० मिलिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,३४०. २४ नं भागायचं, म्हणजे माझ्या गाडीचा व्हीलबेस ९७.५ मिलिमीटर. तुम्ही वही बघितली, बाजूला ठेवली आणि विचारलंत, "गाडी कुठल्या सालची?"

त्या प्रश्नाचं महत्त्व मला त्या दिवसापासून रोज थोडं थोडं कळत गेलं. १९६४ मध्ये ही गाडी आपल्याकडे फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, १९७४ पासून पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास बंद होईपर्यंत बनत राहिली. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. पण टॅक्सी करायची तर साल आधी ठरवावं लागतं. सीएनजी आला तो अगदी शेवटी शेवटी. मग डिकीत सिलेंडर, म्हणून सामान सगळं वरच्या कॅरिअरवर. नंबरप्लेट पिवळी झाली तीही त्याच सुमारास; त्याआधी टॅक्सीची पाटी पांढरी आणि अक्षरं काळी असायची. मीटर आधी बाहेर, बॉनेटच्या डाव्या अंगाला, झेंडा पाडून सुरू करायचा यांत्रिक. मी नेटवरच्या फोटोंतून या सगळ्याची सरमिसळ करायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, "एक साल धर आणि मग त्याला सोडू नकोस." आपण १९८५ धरलं. त्यामुळे पिवळी पाटी गेली, सीएनजीचं स्टिकर गेलं, आणि तो बाहेरचा मीटर आला. तो जेमतेम आठ मिलिमीटरचा आहे, पण बघणाऱ्याचं बोट आधी त्याच्यावरच जातं.

सगळ्यात मोठं देणं मात्र त्या बाजूच्या रेषेचं. हेडलाइटपासून निघून दारांवरून मागच्या दिव्यापर्यंत जाणारी, शेवटाला जराशी उचललेली. मी ती पट्टी लावून आखली होती. मापात बरोबर होती, तरीही गाडी पद्मिनी वाटत नव्हती, कुठलीतरी जुनी फियाट वाटत होती. तुम्ही बॉडी हातात घेतलीत, डोळे मिटलेत आणि अंगठा पुढून मागे हळूच ओढलात. मागच्या दाराच्या थोडं पुढे अंगठा थांबला. "इथे पोट आहे." मग ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरलीत. ट्यूबचं प्रतिबिंब दारावरून सरकत आलं आणि नेमकं तिथेच वाकडं झालं. मला त्या दोन दारांमध्ये काहीच दिसत नव्हतं, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

नंतर लांबी, म्हणजे खळगे बुजवायची पुट्टी, कशी भरायची, पाण्याचा पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) बोटानं न घासता सपाट ठोकळ्याला गुंडाळून का घासायचा, हे तुम्ही शेजारी बसून करून घेतलंत. बोटानं घासलं की बोटाएवढा खड्डा पडतो. चारशेचा, मग आठशेचा, मग हजारचा. प्रत्येक वेळी पुन्हा अंगठा, पुन्हा ट्यूबलाइट. कारखान्यात बॉडी रंगाला जायच्या आधी अशीच तपासत, असं तुम्ही म्हणालात, आणि ते सांगताना तुमचा आवाज बदलला होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली, इटलीच्या फियाटची गाडी आपल्या कुर्ल्यात बनू लागली, हे मी वाचलं होतं. ती बनवणाऱ्या माणसाच्या अंगठ्याला काय काय कळतं, हे कुठेही वाचायला मिळालं नव्हतं.

आणखी एक. या गाडीला वेगळी चेसिस नाही, तळ आणि बाजू मिळून एकच सांगाडा, हे तुम्ही पहिल्याच दिवशी कागदावर काढून दाखवलंत. म्हणून मी बाजू नंतर चिकटवायच्या ऐवजी तळाबरोबरच उभ्या केल्या, आणि छप्पर बसवताना बॉडी पिळली नाही. दारांच्या फटींचंही तसंच. खऱ्या गाडीत चार मिलिमीटरची फट असेल, तर माझ्याकडे ती ०.१७ मिलिमीटर व्हायला हवी. इतकी बारीक रेघ कोरायला हत्यार लागतं आणि धीरही. हत्यार मी आणलं, धीर तुम्ही दिलात.

रंगाचं थोडक्यात. आधी पिवळा, त्याच्याखाली पांढरा प्रायमर, कारण राखाडीवर पिवळा मळका दिसतो. मग टेप लावून काळा. काळ्यात चिमूटभर राखाडी घातला. छोट्या गाडीवर निखळ काळा फार जड वाटतो. हे मला आधीपासून ठाऊक होतं. पण काळा किती चकचकीत ठेवायचा, हे तुमच्याकडून कळलं. "टॅक्सी आहे, नवरीची गाडी नाही. पण पहाटे फडकं मारलेली आहे." त्या एका वाक्यावर मी वार्निशचं प्रमाण ठरवलं.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. आता मुंबईच्या रस्त्यावर उभं राहून, हात लावून, टेपनं मोजता येईल अशी काळी-पिवळी पद्मिनी नाही. आमच्यासारख्या मॉडेल करणाऱ्यांसाठी याचा अर्थ असा, की तुमच्यासारख्यांना आठवतं तेच उरलंय. फोटोत त्रिकोणी काच दिसते. ती उघडली की वारा नेमका ड्रायव्हरच्या मानेवर यायचा, हे फोटोत दिसत नाही. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा दिसतो. त्यामुळे पुढच्या सलग सीटवर ड्रायव्हरशेजारी दोघं दाटीवाटीनं बसायचे, हे सांगावं लागतं. म्हणून माझ्या गाडीत ती काच अर्धी उघडी आहे, आणि पुढच्या सीटची डावी बाजू जराशी दबलेली.

मॉडेल करणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या आसपास कुणी जुना फिटर, डेंटर, टॅक्सीवाला असेल तर पुढचा भाग चिकटवण्याआधी त्यांच्याकडे जा. अर्धवट बॉडी घेऊन जा, म्हणजे ते हातात घेऊन सांगू शकतील.

काका, तुम्ही माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत. काकूंनी प्रत्येक वेळी चहाबरोबर काहीतरी खायला दिलं आणि टेबलावर सांडलेल्या भुशाबद्दल एकदाही बोलल्या नाहीत. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

रविवारी गाडी घेऊन येते. अंगठा तुम्हीच फिरवायचा. आणि तुमच्याकडे डुक्कर फियाटचे, म्हणजे पद्मिनीच्या आधीच्या त्या गोलसर फियाटचे, जे दोन जुने फोटो आहेत ना, ते काढून ठेवा. तिचं साल आपण आधीच ठरवून टाकू.

तुमची ऋणी,
पद्मिनीवाली