लस गोठली तरी वायाच

महोदय,
उष्णतेने लस खराब होते हे सगळे जाणतात. गोठल्यानेही ती निकामी होते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. धनुर्वात, पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस-बी या लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच हव्यात. लस नेण्याच्या पेटीत ठेवलेला फ्रीझरमधला आइसपॅक थेट कुपीला टेकला की लस गोठते, तिच्यातल्या ॲल्युमिनियम क्षाराच्या गुठळ्या होतात. म्हणून आइसपॅक हलवल्यावर आत पाणी खुळखुळेपर्यंत तो बाहेर ठेवावा. कुपीवर वर्तुळात एक फिकट चौकोन असतो, तो उष्णतेने गडद होत जातो; तो भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला, तर ती कुपी वापरू नये. पण ही खूण फक्त उष्णता दाखवते, गोठणे नाही! साठवण चुकते आणि बोल लसीला लागतो, हे फार खटकते. टोचण्याआधी कुपी दाखवा, असे पालकांनी खुशाल म्हणावे.

– एक परिचारिका