सतराव्या जागेवरचा एन

प्रिय मन्या,

दीड वर्ष झालं, तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. माझी तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत. आज लिहायला बसलो कारण परवा आपल्या जुन्या एन्झाइमच्या तुकड्यातली सतरावी जागा पुन्हा समोर आली, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, "एका अक्षराचा तर फरक!"

प्रयोगशाळेत एक नवी मुलगी आली आहे. अगदी तुझ्या वळणाची. ब्लँक रन केल्याशिवाय नमुन्याला हात लावत नाही. सरावासाठी तिला आपलंच जुनं प्रोटिएज, प्रथिनं कापणारं ते एन्झाइम, दिलं. तिने जीन वाचला आणि कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "सर, नवव्या पेप्टाइड-तुकड्यात सतरावं अमिनो आम्ल तुम्ही डी, म्हणजे अ‍ॅस्पार्टिक आम्ल, छापलंय. इथे जीनमधला कोडॉन एएसी आहे, म्हणजे एन, अ‍ॅस्परॅजिन. पुढे ग्लायसिन." तेवढ्यावर थांबली नव्हती. ताजं एन्झाइम घेऊन, पीएमएसएफ घालून आधी त्याचं स्वतःलाच खाणं बंद केलं, मग उलगडून, तुकडे करणाऱ्या ट्रिप्सिनबरोबर मोजून चार तास ठेवलं. मास स्पेक्ट्रोमीटरवर त्या तुकड्याचं वस्तुमान आपल्या हिशेबापेक्षा 0.98 डाल्टनने, म्हणजे एन आणि डीमधल्या फरकाइतकंच, कमी आलं.

मी म्हणालो, "जंतूचा स्ट्रेन बदलला असेल." ती "हो सर" म्हणून गेली. तेव्हापासून झोप नीट नाही.

स्ट्रेन तोच आहे, मन्या. काय झालं होतं ते फक्त तुला आणि मला माहीत आहे. तेव्हाही चार तासांनी आम्ल घालून ट्रिप्सिनचं पचन थांबवायचं होतं. मी शुभाला स्टेशनवर सोडायला गेलो आणि परतलोच नाही. साडेआठचा पीएच, 37 अंश, अख्खी रात्र. सकाळी बाथमधून ट्यूब तू काढलीस. दुपारी वहीत मी "4 तास" लिहिलं. तू ते वाचलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि काही बोलला नाहीस. तू तेव्हा ओरडला असतास तर मी वही खोडली असती, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. तो दोष तुझ्यावर ढकलणं होतं. माफ कर.

आजोबांवर तो तुकडा चढवला तेव्हाची संध्याकाळ आठवते? (साखळीतलं एकेक अमिनो आम्ल तोडून वाचणाऱ्या त्या सीक्वेन्सरला तू दिलेलं नाव इथे अजून चालतं, फक्त कुणाला का ते माहीत नाही. दर सायकलला व्हॉल्व्ह खोकत होता ना!) सोळाव्या पायरीपर्यंत पीक कसे स्वच्छ. सतराव्याला मोठा डी, शेजारी बारका एन, आणि तिथून पुढे सिग्नल पावपट. मी म्हणालो, आजोबा थकले. तू म्हणालास, "थकतात ते दर पावलाला थोडे थोडे. एकाच पायरीवर कोसळत नाहीत." मग फळ्यावर काढून दाखवलंस: एनच्या पुढे ग्लायसिन असलं की रात्रभरच्या उबेत अमोनिया सुटून मध्ये वळं तयार होतं, ते उघडताना थोडं डी होतं आणि जास्त आयसो-अ‍ॅस्पार्टिक. साखळी बाजूच्या फांदीतून वळली की एडमनची कात्री, म्हणजे आजोबांची एकेक आम्ल तोडण्याची रीत, तिथे चालत नाही; सिग्नल पडणारच. सगळं बरोबर होतं. मी तुझ्या हातातला खडू काढून घेतला.

तुला तिथे बी छापायचा होता. एन की डी ठरलेलं नाही, एवढंच. हार्टलीचं उदाहरण दिलंस: कायमोट्रिप्सिनोजेन या पचनाच्या एन्झाइमच्या पूर्वरूपाचा अमिनो आम्लांचा क्रम त्याने 1964 साली छापला, 102 व्या जागी एन, 1969 साली ब्लोच्या स्फटिक-रचनेबरोबर तो डी असल्याचं उघड झालं, आणि एन्झाइमच्या कामातला तिसरा भिडू तोच निघाला. "इतक्या काळजीने काम करणाऱ्याचंही एका अमाइडवरून, एन की डी यावरून, चुकतं," तू म्हणालास. मी उलट म्हणालो, "मग डी लिहिण्यातच शहाणपण आहे!" त्यावर तीन दिवस आपण बोललो नाही, आणि चौथ्या दिवशी डी छापायला गेला.

तेवढंच असतं तरी निभलं असतं. पण त्या डीचा ऋण प्रभार धरून मी चर्चेत अख्खा परिच्छेद लिहिला, की इथे कॅल्शियम धरला जातो आणि म्हणून हे एन्झाइम उष्णतेला टिकतं. तिथे धरायला काहीच नव्हतं. तो परिच्छेद वाचून कुणी कामाला लागलं असेल तर त्याचे महिने मी खाल्ले.

आईंचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? चिनूला नोकरी लागल्याचं शुभाकडून कळलं, फार आनंद झाला. घराचं काम संपलं की कळव, दोघं येतो.

सोमवारी त्या मुलीला सांगणार आहे की स्ट्रेन तोच आहे, आणि का ते. दुरुस्तीचा मसुदा सोबत आहे. तुझं नाव त्यावर हवं की नको, ते तू ठरव. पण वही आणि ती रात्र माझी होती हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. दुसऱ्या परिच्छेदात "ट्रिप्सिनबरोबर" आणि "तास" यांच्यामध्ये जागा कोरी सोडली आहे. ट्यूब किती वाजता काढलीस ते तुलाच माहीत. नक्की आठवत असेल तर आकडा भर. आठवत नसेल तर "रात्रभर" लिही, अंदाजाने काही घालू नकोस.

तुझा,
नंदू