आधी पाणी शोध, पॅनल मागाहून

लीड्स,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,
शि. सा. न.

पुणं सोडून तू दिवाळीपर्यंत दांडिया बाजारच्या घरी मुक्काम ठोकलास, ते फार बरं केलंस. म्हणून पत्रही बडोद्यालाच पाठवते आहे. वाचून झालं की ते वहिनींकडे पुण्याला पाठव. काकू फोनवर सांगत होत्या, मधल्या खोलीत परत भेज, म्हणजे ओल, आलाय आणि कंत्राटदार म्हणतो, भिंतीवर पीव्हीसीचे पॅनल ठोकून देतो, दोन दिवसांत खोली नवीन. दादा, निदान हे पत्र पुरं वाचेपर्यंत त्याला ॲडव्हान्स देऊ नकोस.

इथे उन्हाळाभर आमचं हेच चाललं होतं, फक्त आमची भिंत चाकांवरची. तुझ्या मेहुण्यांनी हौसेनं जुनी मोटरहोम घेतली, हे तुला माहीतच आहे. १९९८ सालची. व्हॅनच्या चासीवर चढवलेली खोलीच ती: ओटा, सिंक, बसायची बाकं आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायची जागा. विकणारा मोठा गोड बोलणारा. पण त्या वरच्या जागेच्या एकाच कोपऱ्यात भिंतीचा कागद कोरा करकरीत होता आणि बाकी सगळीकडे पिवळा पडलेला. मी तिथे अंगठा टेकवला, तर आतलं प्लायवुड चहात बुडवलेल्या खारीसारखं दबलं. कोपऱ्याची किंमत कापून मगच गाडी घेतली.

ह्या गाड्यांची भिंत असते जेमतेम इंच-सव्वा इंच जाडीची. बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मधे थर्माकोल आणि लाकडी पट्ट्या, आत ३ मिलिमीटरचं प्लायवुड आणि त्यावर व्हिनाइलचा छापील कागद. बाहेर पत्रा, आत व्हिनाइल. मधे शिरलेल्या पाण्यानं जायचं कुठे? ते तिथेच बसतं आणि लाकूड कुजवतं. कागद वरून छान दिसत राहतो, हीच त्यातली गोम. विकणाऱ्यानं नवा कागद लावून नेमकं तेच लपवलं होतं, आणि तुझा कंत्राटदार करायला निघालाय तेही तेच.

इथे ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, त्याच्या दोन सुया भिंतीला टेकवायच्या. १५ टक्क्यांपर्यंत काळजी नाही, १५ ते २० मधे लक्ष ठेवायचं, २० च्या पुढे कारण शोधायचं आणि ३० च्या वर गेलं तर आतलं लाकूड बहुधा गेलं म्हणायचं. आमच्या कोपऱ्यात आकडा ३० च्या पुढेच होता. पण गंमत पुढेच आहे. त्या कोपऱ्याच्या वर छताला भोक नाही, खिडकीही नाही. मग पाणी आलं कुठून?

शेजारी एक निवृत्त सुतारकाका राहतात, त्यांनी रीत दाखवली. एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेर बागेचा पाइप धरायचा, आणि पाणी खालून सुरू करून एकेक सांधा वर चढत जायचं. आधीच वर धरलं तर पाणी ओघळून सगळे सांधे एकदम भिजतात आणि काहीच कळत नाही. आमचं पाणी शिरत होतं कनात अडकवायच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीतून, ओलीपासून चांगलं चार-पाच हात मागे. पट्टीचे स्क्रू पत्र्यातून आरपार जातात. त्याखालचा मसाला पंचवीस वर्षांत वाळून तडकलेला, स्क्रू गंजलेले. तिथून थेंब आत येई, लाकडी पट्टीवरून चालत जाई आणि पार पुढच्या कोपऱ्यात मुक्कामाला बसे. ओल दिसते तिथेच पाणी शिरतं असं मानून तोच कोपरा बुजवत बसलो असतो, तर पहिल्या पावसात पुन्हा तेच.

पट्टी काढली, जुना मसाला खरडला, स्टेनलेसचे स्क्रू आणि ब्यूटिल सीलंट लावलं. ते वर्षानुवर्षं मऊ राहतं, गाडी हलली तरी तडकत नाही. सिलिकॉनला सुतारकाकांनी हात लावू दिला नाही. एकदा ते लागलं की त्याच्यावर पुढे दुसरं काही धड चिकटत नाही, आणि खरडायला जन्म जातो.

मग वाळवणं. ह्याला उतावळेपणा चालत नाही, हे बडोद्याच्या कलाभवनात चार वर्षं इंजिनिअरिंग शिकूनही मला इथेच कळलं. आतलं प्लायवुड उघडलं, यंत्रानं हवेतला ओलावा ओढत ठेवला आणि आकडा उतरायचा थांबेपर्यंत नव्या लाकडाला हात लावला नाही. कापण्याआधी बॅटरी आणि घरून जोडलेली वीज दोन्ही तोडायची, कारण वायरी त्याच भिंतीतून जातात. स्क्रू ड्रायव्हरनं टोचत जायचं. टोक आत रुतेल तिथपर्यंत लाकूड कुजलंय, घट्ट लागलं की थांबायचं. तेवढी पट्टी कापून नवी बसवली. चिकटवायला नेहमीचा काँटॅक्ट सोल्यूशन घेतला असता तर त्यातल्या द्रावकानं थर्माकोल विरघळला असता, म्हणून पॉलियुरेथेनचा डिंक. फुगणारा फोम भरून टाकू, असं तुझे मेहुणे म्हणत होते. तो फुगताना बाहेरचा पत्रा ढेरीसारखा पुढे काढतो, म्हणून तो बेत मी हाणून पाडला.

तपकिरी डाग साध्या रंगाखालून पुन्हा वर येतात. त्यावर लाखेचा प्रायमर मारतात. हो, आपलीच लाख. इथल्या दुकानात तिचा डबा कसला महाग!

आणखी एक पाणी असतं, ते छतातून येतच नाही. १ किलो प्रोपेन गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेनं हवेत जातं, आणि थंडीत ते गार भिंतीवर थबथबतं. त्यात लोक गार वारा नको म्हणून थंडीत गाडीच्या झरोक्यांना बोळे कोंबतात, ते तर जिवाशी खेळणं: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता तुझी भिंत. ती जुनी, विटांची आणि चुन्याच्या गिलाव्याची. अशी भिंत पाणी घेते आणि हवा मिळाली तर सोडतेही. त्यावर पॅनल ठोकलंस की तिची गत आमच्या गाडीसारखी, शिवाय खांब लाकडी, म्हणजे पॅनलमागे वाळवीला आयतं घर. आधी ओलीचा आकार बघ. जमिनीपासून हात-दोन हात सरळ पट्टा आणि वर पांढरा लोणा, म्हणजे फुटलेले क्षार, असेल तर पाणी खालून चढतंय. वरून ओघळ असेल आणि पावसाळ्यानंतर आटत असेल तर गच्ची. बारा महिने एकाच जागी असेल तर नळाची पाइप. मला स्वतःला वरच्या न्हाणीचा संशय आहे. बाबा असतानाही तिथली फरशी हलायची.

आत्याच्या कारेलीबागेतल्या घराचं आठव. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडून कितीतरी वर गेली, घरात पाणी आलं. ओसरल्यावर दिवाळीच्या आत सगळीकडे प्लॅस्टिक पेंट मारून मोकळे. भिंती आत ओल्याच होत्या. ह्या वर्षी त्याच रंगाचे पापुद्रे सुटताहेत. आत्या पेंटरला शिव्या देते, पण त्या बिचाऱ्यानं सांगितलं तेवढंच केलं.

लोणा पाण्यानं धुऊ नका. तो विरघळून पुन्हा भिंतीतच जातो. कोरड्या ब्रशनं झाडून बाहेर टाका. सुटलेला गिलावा काढून भिंत उघडी ठेवा, आणि पाण्याचा बंदोबस्त झाला, भिंत वाळली की चुन्याचाच गिलावा करा. सिमेंटचा केलात तर पाणी त्याच्या कडेनं वाट काढेल. मांडवीच्या बाजूला चुन्याचं काम जाणणारा एखादा जुना गवंडी अजून असेल, काकूंना विचार. दिवाळीत ती खोली तशीच राहील, राहू दे. फराळ पुढच्या खोलीत करा. पैसे जास्त लागले तर कळव, संकोच करू नकोस.

एक काम आजच कर: पेन्सिलनं ओलीची कड भिंतीवर आख, शेजारी तारीख लिही, टेप धरून फोटो काढ. आठ दिवसांनी परत आख. मग वरची न्हाणी आठवडाभर बंद ठेवून तिसऱ्यांदा. तिन्ही फोटो मला पाठव.

काकूंना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. त्या भिंतीला लागून असलेलं बाबांचं पुस्तकांचं कपाट वीतभर पुढे ओढून ठेव आणि खालचा कप्पा रिकामा कर.