सेसना १७२, १८२ : वैमानिकाच्या सीटचा दुसरा स्टॉप

सभासदहो,

ज्यांच्या सेसना विमानात वैमानिकाच्या सीटला दुसरा स्टॉप (मुख्य पिन सुटली तरी सीटला मागे घसरू न देणारी जादा अडकण) अजून बसवलेला नाही, त्यांनी तो येत्या वार्षिक तपासणीतच बसवून घ्यावा. सीट ज्या रुळावर सरकते त्याची भोकं झिजली की सीट जागी धरणारी पिन त्यांत अर्धवट अडकते. टेकऑफला नाक वर होताच सीट मागे सरकू शकते. पडू नये म्हणून आपण योकलाच, म्हणजे समोरच्या सुकाणूलाच धरतो, ते मागे ओढलं जाऊन नाक आणखी वर जातं आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते. तेवढ्या उंचीवर सावरायला वेळ नसतो.

एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा) २०११ चा आदेश रुळ आणि पिना तपासण्याचा आहे. स्टॉपची सक्ती त्यात नाही, तरी माझ्या मते तो हवाच.

स्टॉप असला तरी इंजिन सुरू करण्यापूर्वी सीट मागे-पुढे रेटून पाहा. शेजारचीही.