मुलं हे सगळ्यात आधी कुणाला सांगतात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्याकडे एका पालकांचं पत्र आलं होतं, की नजरेने वस्तू हलवणारी, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारी मुलं ज्या गोष्टींत असतात ती पुस्तकं मुलांच्या हातात देऊच नयेत, अंधश्रद्धा वाढते. त्यांची काळजी कळते पण मला हे अजिबात पटलेलं नाही.

रोआल्ड डालचं १९८८ चं 'मटिल्डा' घ्या. साडेपाच वर्षांची पोरगी, घरी तिला कुणी विचारत नाही आणि शाळेत मुख्याध्यापिका तिच्यावर न केलेल्या खोडीचा, त्यांच्या पाण्यात पाणसरडा टाकल्याचा, आळ घेतात. ती रागाने समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे टक लावून बघत बसते आणि ग्लास कलंडतो, आतला पाणसरडा थेट बाईंच्या अंगावर! मुलं इथे खदखदून हसतात, पण मला पुस्तकाचा जीव त्याच्या पुढच्या पानांत वाटतो. वर्ग सुटल्यावर ती मागे थांबते आणि तिच्या वर्गशिक्षिका मिस हनीना सांगते की हे मी केलं. मिस हनी तिला झिडकारत नाहीत, पुन्हा करून बघू देतात, डोळ्यांनी बघितल्यावर हादरतात आणि तरी तिला आपल्या घरी चहाला घेऊन जातात. शेवटी वरच्या वर्गात डोक्याला पुरेसं काम मिळाल्यावर ती शक्ती निघूनच जाते आणि मटिल्डाला त्याचं वाईटही वाटत नाही. यात अंधश्रद्धा कुठे आली?

जॉन विंडमचं 'द क्रिसॅलिड्स' १९५५ चं, अणुयुद्धानंतरचं कॅनडातलं लॅब्राडोर, जिथे पायाला सहावं बोट असणं हेसुद्धा पाप धरतात. डेव्हिड मनातल्या मनात दुसऱ्या मुलांशी बोलू शकतो आणि हे वडिलांना कळलं तर काही खरं नाही, पण ॲक्सेल काकाला कळतं तेव्हा तो पोराला सांभाळून घेतो, कुणाला सांगू नकोस म्हणून वचन घेतो. याउलट स्टीफन किंगची कॅरी (१९७४, हे मात्र मोठ्या मुलांसाठी), तीही मनाने वस्तू हलवणारी. पाळी म्हणजे काय हेच आईने सांगितलेलं नाही, शाळेत ती सुरू होते तेव्हा मुली चिडवतात, आणि घरी आई कपाटात कोंडते. तिच्याकडे ॲक्सेल काका नाही. पुढे जे होतं ते भयंकर आहे. मुलं या गोष्टींत शक्ती बघायला जातात, पण 'आपण वेगळे आहोत, आता हे सांगायचं कुणाला' हा प्रश्न सोबत घेऊन येतात, आणि तेरा-चौदाव्या वर्षी तो प्रत्येकालाच असतो हो.

अंधश्रद्धा बघायची तर मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे, म्हणजे मुलांचा मधला मेंदू 'जागा' करून देतो म्हणणारे क्लास बघा. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलगा पुस्तक वाचतो म्हणे! आमच्या सोसायटीत गणपतीत एका मुलाने हे स्टेजवर करून दाखवलं, मान जरा वर, पुस्तक छातीशी, टाळ्याच टाळ्या. नंतर मला हळूच म्हणाला, काकू, नाकापाशी फट राहते तिथून दिसतं, पण मम्मीने एवढी फी भरलीय ना. अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यकर्त्यांनी ही नाकाजवळची फट कितीतरी वेळा उघडी पाडलीय तरी क्लास चालूच आहेत. गोष्टीतलं मूल शक्ती असून लपवतं, आणि हा बिचारा शक्ती नाही हे लपवतोय, तेही आईपासून. मला त्याची काळजी वाटते, मटिल्डा वाचणाऱ्या मुलीची नाही.

तेव्हा विनंती अशी की रविवारच्या मुलांच्या पानावर अशी एखादी गोष्ट क्रमशः छापा, कुणीतरी मराठीत नव्याने लिहिलेली, आपल्याकडच्या शाळेत आणि चाळीत घडणारी. आणि त्या क्लासवाल्यांच्या जाहिराती कृपया घेऊ नका.

आपली,
एक वाचक, ठाणे